मेलेल्याचा पासपोर्ट

रत्नागिरीत कोर्टाच्या आवाराला लागून माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. पाटीवर ‘ॲडव्होकेट आणि नोटरी’ असं लिहिलेलं असलं, तरी निम्मी कामं आखाताची असतात. कुणाला मुखत्यारपत्र हवं असतं, कुणाला संमतीपत्र, कुणाच्या नावात पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. आमच्याकडे दर चार घरांआड एक पोरगा तिकडे असतो, त्यामुळे रबरी शिक्क्याला उसंत नाही.

दोन वर्षांपूर्वी, गणपती जाऊन आठ-दहा दिवस झाले असतील, राजापूरकडचे एक गृहस्थ आले. वय साठीच्या पुढे, सोबत धाकटा भाऊ. हातात कापडाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यातून एकेक कागद काढून त्यांनी टेबलावर मांडला: पासपोर्टची झेरॉक्स, कंपनीचं ओळखपत्र, गोल शिक्का असलेलं अरबी पत्र आणि पिवळं हेल्मेट घातलेल्या मुलाचा फोटो. मुलगा इलेक्ट्रिशियन होता. लेबर कँपच्या एका खोलीत आठ जण राहायचे. भांडण कशावरून झालं ते घरच्यांना कधी नीट कळलं नाही. खोलीतल्याच एकाने सुरा मारला. मारणारा तिसऱ्याच देशाचा होता.

“बाई, आता आपलं सरकार तिकडे केस घालील ना?” काकांनी विचारलं.

मी त्यांना कायदा सांगितला. गुन्हा जिथे घडला, तिथलं सरकार खटला चालवणार. आपल्या कायद्याला भारताबाहेरही हात पोचवता येतो, पण तो मुख्यतः आरोपीच्या नागरिकत्वावर. पूर्वी दंडसंहितेचं कलम ४ होतं. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेच्या कलम १ मध्ये आलं आहे: भारतीय नागरिकाने जगाच्या पाठीवर कुठेही गुन्हा केला, तर त्याच्यावर इथे खटला चालू शकतो. भारतात नोंदलेल्या जहाजावर किंवा विमानात कुणीही गुन्हा केला तरी चालतो. परदेशात बसून इथल्या संगणकावर हल्ला केला तरीही चालतो. परदेशात भारतीय माणूस मारला गेला, एवढ्याने मात्र आपल्या कोर्टाला अधिकार येत नाही. मारणारा भारतीय असता, तर केंद्र सरकारची मंजुरी घेऊन इथे काही करता आलं असतं.

काका बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझ्या पोराला आपल्यातल्याच कुणी मारलं असतं तर बरं झालं असतं म्हणता?”

तीस वर्षांच्या वकिलीत साक्षीदारांनी मला पुष्कळदा निरुत्तर केलंय, पण असं कुणी केलं नव्हतं. त्या रात्री घरी येऊन पुस्तकं काढली. आपला कायदा मारणाऱ्याचा पासपोर्ट बघतो. मेलेल्याचा पासपोर्ट बघणारा कायदा जगात कुठे आहे का, आणि असला तर तो कसा झाला?

आहे. आणि ज्या देशाने पुढे त्याचा ठळक वापर केला, त्यानेच एकेकाळी त्याला कडाडून विरोध केला होता. गोष्ट १८८६ सालची. मेक्सिकोच्या सरहद्दीवर कटिंग नावाचा एक अमेरिकन संपादक वर्तमानपत्र चालवायचा. एका मेक्सिकन माणसाची त्याने बदनामी केली, पण छापली पलीकडे टेक्सासमध्ये. तो परत आल्यावर मेक्सिकोने त्याला तुरुंगात टाकलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ज्याची अब्रू गेली तो आमचा नागरिक, म्हणून खटला आमचा. अमेरिकेचा तिळपापड झाला. आमच्या भूमीवर आमच्या माणसाने काय छापावं हे तुम्ही ठरवणार? परराष्ट्रमंत्री बेयर्ड यांनी सुटकेची मागणी लावून धरली आणि प्रकरण चांगलंच तापलं. शेवटी फिर्यादीने माघार घेतली आणि संपादक सुटला.

बरोबर शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९८६ मध्ये, त्याच अमेरिकेने मेक्सिकोचं तेच तत्त्व आपल्या कायद्यात लिहून घेतलं.

मधल्या काळात एक म्हातारा माणूस समुद्रात फेकला गेला होता. ऑक्टोबर १९८५ मध्ये चार पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी ‘अकिले लाउरो’ हे इटालियन प्रवासी जहाज भूमध्य समुद्रात ताब्यात घेतलं. प्रवाशांत न्यूयॉर्कचे लिऑन क्लिंगहॉफर होते. वय ६९, पक्षाघातामुळे चाकाच्या खुर्चीवर. त्यांना गोळ्या घालून खुर्चीसकट समुद्रात ढकलण्यात आलं. पुढे इजिप्तने अपहरणकर्त्यांना विमानाने जाऊ दिलं. अमेरिकन लढाऊ विमानांनी ते विमान हवेतच अडवून सिसिलीत उतरवलं. पण जहाज इटलीचं, विमानतळ इटलीचा, म्हणून खटलाही इटलीचा. मारेकऱ्यांना तिथे शिक्षा झाल्या, मात्र ज्याला अमेरिका सूत्रधार मानत होती त्याला इटलीने देशाबाहेर जाऊ दिलं. मागायचं म्हटलं तर अमेरिकेच्या हातात खुनाचं कलम नव्हतं. आपला नागरिक परदेशात मारला गेला, हा अमेरिकन कायद्याखाली स्वतंत्र गुन्हाच नव्हता.

पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर आर्लेन स्पेक्टर हे एकेकाळचे फिलाडेल्फियाचे सरकारी वकील. त्यांनी हा विषय उचलून धरला. १९८६ च्या कायद्याने अमेरिकेबाहेर अमेरिकन नागरिकाचा खून हा अमेरिकेतला गुन्हा ठरला, मारणारा कुठलाही असो. त्याला एक कुलूपही लावलं गेलं. सरकारला किंवा जनतेला धमकावण्यासाठी, झुकवण्यासाठी किंवा बदला घेण्यासाठी हा खून झाला, असं ॲटर्नी जनरलने लेखी प्रमाणित केल्याशिवाय खटला भरता येत नाही. थोडक्यात, दारूच्या अड्ड्यावरच्या भांडणात अमेरिकन मेला तर हे कलम लागत नाही. काकांच्या मुलासारख्याला अमेरिकन कायद्यानेही हात दिला नसता. हे मी काकांना सांगितलं नाही.

या कलमाचं सगळ्यात ठळक उदाहरण आपल्या मुंबईचं आहे, आणि ते आपल्या फारसं ध्यानात नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. त्यांत सहा जण अमेरिकन होते. काही नरिमन हाउसमध्ये मारले गेले, काही ओबेरॉयमध्ये. एक तर तेरा वर्षांची मुलगी होती. ताज, ओबेरॉय, सीएसटी या जागांची टेहळणी करून देणारा डेव्हिड हेडली ऑक्टोबर २००९ मध्ये शिकागोच्या विमानतळावर पकडला गेला. त्याच्यावरचं आरोपपत्र बघण्यासारखं आहे. बारा आरोप. पहिले दोन भारतातल्या कटाचे, त्यात सगळे मृत एकत्र आले. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे सहा आरोप मात्र खुनाला साथ दिल्याचे, एकेका नावाचे. एक अमेरिकन नागरिक, एक आरोप. या सहांतला एक भारतीय वंशाचा होता. पासपोर्ट निळ्या रंगाचा राहिला असता, पण त्यावर गरुडाऐवजी सिंह असते, तर त्याच्या नावाचा आरोप तिथे नसता. सीएसटीच्या फलाटावर पन्नासहून जास्त माणसं गेली. उत्तरेकडच्या गाडीची वाट बघणारे मजूर, पोरंबाळं. त्यांतल्या एकाच्याही नावाने शिकागोत खुनाचा स्वतंत्र आरोप नव्हता. अमेरिकेला दोष द्यायचा हेतू नाही. ते आपल्या माणसांचं बघत होते. कायदा मेलेल्याचा पासपोर्ट कसा बघतो, ते मला पहिल्यांदा त्या आरोपपत्रात दिसलं.

मार्च २०१० मध्ये हेडलीने सगळे बारा आरोप कबूल केले. बदल्यात दोन गोष्टी मिळवल्या: फाशी नाही आणि भारताच्या हवाली करणं नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाला त्याची साक्ष व्हिडिओवरून घ्यावी लागली, पडद्याच्या इकडून. शिकागोतले लोक सहा खुनांची तड लावून मोकळे झाले, आणि बाकीच्यांसाठी मुंबईला माफीचा साक्षीदार मिळाला. त्याचा मित्र तहव्वुर राणा याला शिकागोच्या ज्युरीने २०११ मध्ये डेन्मार्कमधल्या वेगळ्या कटात आणि लष्कर-ए-तय्यबाला मदत केल्याबद्दल दोषी धरलं, पण मुंबईच्या आरोपातून सोडलं. तो एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या ताब्यात आला, हल्ल्यानंतर सोळा वर्षांनी. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हाच त्याचा तिथल्या कोर्टातला मोठा बचाव होता. दोन देशांचे हात एकाच माणसापर्यंत पोचले की हा वाद ठरलेलाच.

कायदा झाला म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. ८ मे २००१ ला वेस्ट बँकमधल्या तेकोआ या वसाहतीतली दोन शाळकरी मुलं शाळा बुडवून जवळच्या घळीत हिंडायला गेली. दुसऱ्या दिवशी एका गुहेत त्यांची प्रेतं सापडली, दगडांनी ठेचलेली. त्यांतला तेरा वर्षांचा कोबी मँडेल अमेरिकन नागरिक होता. इस्रायल आणि पॅलेस्टिनी भागात मारल्या गेलेल्या अमेरिकनांच्या घरच्यांची तक्रार होती की, १९८६ चं कलम पुस्तकात आहे, पण आमच्यासाठी ते कुणी काढत नाही. राजकारण आडवं येतं. त्यांनी खासदारांचे उंबरे झिजवले. कोबीच्या नावाचं विधेयक आलं. स्वतंत्रपणे ते पार पडलं नाही, पण त्याचा गाभा २००४ च्या अखेरीस खर्चाच्या एका भल्या मोठ्या विधेयकात घुसवला गेला. मे २००५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यात परदेशातल्या दहशतवादाला बळी पडलेल्यांसाठी वेगळं कार्यालय उघडलं. परदेशातल्या खटल्यावर लक्ष ठेवायचं, घरच्यांना तारखा कळवायच्या, त्यांना तिथवर जायला मदत करायची, हे त्याचं काम. आई-बापांना हवा होता तो खटला. हातात आलं ते एक कार्यालय. कोबीच्या खुनासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

तरी त्या कार्यालयाचं वर्णन वाचताना मला हेवा वाटला. कारण आमच्या काकांचं सगळ्यात मोठं दुखणं काय होतं? तारीख कळत नव्हती.

जेरुसलेमच्या स्बारो पिझ्झा रेस्टॉरंटमधला ऑगस्ट २००१ चा स्फोट हे दुसरं उदाहरण. मेलेल्यांत अमेरिकन नागरिकही होते. बॉम्बरला तिथवर नेणाऱ्या बाईला इस्रायलने सोळा जन्मठेपा दिल्या, आणि २०११ च्या कैद्यांच्या अदलाबदलीत सोडूनही दिलं. ती जॉर्डनला गेली. अमेरिकेने तिच्यावरचे आरोप २०१७ मध्ये उघड केले. जॉर्डनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला हवाली करायला नकार दिला. अमेरिकेबरोबरच्या प्रत्यार्पण कराराला आमच्या संसदेची मंजुरीच नाही, असं त्यांचं म्हणणं. पन्नास लाख डॉलरचं बक्षीस आहे, कलम आहे, आरोपपत्र आहे. माणूस नाही.

फौजदारी रस्ता अडला की लोक दिवाणी रस्त्याने जातात. क्लिंगहॉफर यांच्या मुलींच्या लढ्यानंतर १९९२ मध्ये असे दावे लावायचा हक्क कायद्यात आला, तोही तिप्पट भरपाईसह. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने पॅलेस्टिनी संघटनेविरुद्ध दिलेली भरपाई या तिपटीने साडेपासष्ट कोटी डॉलरवर गेली. वरच्या कोर्टाने पुढच्याच वर्षी तो निकाल उडवला: इथल्या कोर्टाला अधिकारच नाही. मग काँग्रेसने २०१८ मध्ये कायदा बदलला. तोही पुरला नाही. २०१९ मध्ये पुन्हा बदलला, आणि जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा ग्राह्य धरला. विधिमंडळ आणि न्यायालय यांच्यातली अशी कबड्डी मी क्वचितच वाचली आहे. २६/११ मधल्या मृतांच्या नातेवाइकांचाही असा एक दावा न्यूयॉर्कमध्ये होता, लष्कर-ए-तय्यबा आणि आयएसआयविरुद्ध. २०१२ च्या डिसेंबरात खुद्द अमेरिकन सरकारनेच कोर्टाला सांगितलं की आयएसआय ही परक्या सरकारची शाखा आहे, तिच्यावर दावा चालणार नाही. आपल्या मृत नागरिकापेक्षा कधीकधी जिवंत जनरल जास्त कामाचा असतो.

काकांना उपयोगी पडेल असं काही मला सापडलं ते ऑस्ट्रेलियात. १२ ऑक्टोबर २००२ ला बालीत बॉम्बस्फोट झाले, ८८ ऑस्ट्रेलियन गेले. त्याच वर्षी तिथल्या संसदेने कायदा केला आणि तो मागच्या तारखेने, १ ऑक्टोबर २००२ पासून लागू केला. फौजदारी कायदा मागच्या तारखेने लावणं म्हणजे एरवी आम्हा वकिलांना पाप वाटतं. त्यांचं उत्तर असं होतं की खून हा सगळीकडे आधीपासूनच गुन्हा आहे, मारणाऱ्याला ते नव्याने कळलेलं नाही. या कायद्यात दहशतवादाची अट नाही. परदेशात ऑस्ट्रेलियन नागरिकाचा किंवा रहिवाशाचा खून, कुणीही, कुठल्याही कारणाने केलेला: जन्मठेप. कुलूप तेवढं एक, ॲटर्नी जनरलची लेखी संमती. बालीच्या आरोपींसाठी हे कलम वापरावं लागलं नाही, इंडोनेशियाने स्वतःच त्यांना शिक्षा दिल्या. पण ते पुस्तकात राहिलं.

फ्रान्सचा कायदाही असाच सैल आहे. त्याचं टोक आयर्लंडमध्ये दिसलं. डिसेंबर १९९६ मध्ये फ्रेंच चित्रपट निर्मात्या सोफी तोस्काँ द्यू प्लांतिए यांचा आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात खून झाला. आयर्लंडने पुराव्याअभावी कुणावरही खटला भरला नाही. फ्रान्सने भरला. मे २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने एका इंग्रज माणसाला गैरहजेरीत २५ वर्षांची शिक्षा ठोठावली. आयर्लंडने त्याला हवाली केलं नाही. तो २०२४ मध्ये तिथेच मेला, पॅरिसच्या लेखी खुनी, स्वतःच्या गावात मोकळा. त्याच्या बाजूचं ऐकून न घेता झालेला तो निकाल मला वकील म्हणून पचत नाही. सोफी यांच्या घरच्यांना काय वाटलं असेल, तेही समजतं.

आणि आरसा आपल्याकडेही वळतो. मार्च २०१७ मध्ये गोव्यात काणकोणला एका आयरिश तरुणीचा खून झाला. मडगावच्या कोर्टाने आरोपीला जन्मठेप दिली ती फेब्रुवारी २०२५ मध्ये, जवळपास आठ वर्षांनी. या काळात तिच्या देशाने म्हटलं असतं की तुमचं जमत नाही, आरोपी आमच्याकडे पाठवा, तर आपल्या वर्तमानपत्रांनी काय लिहिलं असतं? आपणही १८८६ ची अमेरिका झालो असतो.

भारतातही या दिशेने एक पाऊल पडलेलं आहे. जुलै २०१९ मध्ये संसदेने राष्ट्रीय तपास यंत्रणेचा, म्हणजे एनआयएचा कायदा दुरुस्त केला. भारताबाहेर भारतीय नागरिकांविरुद्ध किंवा भारताच्या हिताविरुद्ध अनुसूचीतला गुन्हा झाला, तर एनआयए तपास करू शकते. मार्च २०२० मध्ये काबूलच्या गुरुद्वारावर हल्ला झाला, मृतांत एक भारतीय होता. एनआयएने गुन्हा नोंदवला. परदेशातल्या हल्ल्याचा तिचा तो पहिला गुन्हा. मेलेल्याचा पासपोर्ट आपल्या कायद्याने तिथे वाचला. पण अनुसूचीत काय आहे? दहशतवाद, स्फोटकं, मानवी तस्करी, बनावट नोटा असं काहीबाही. साधा खून नाही. लेबर कँपमधला तर नाहीच.

माझं मत विचाराल तर न्याय संहितेच्या कलम १ मध्ये एक पोटकलम घालावं. भारताबाहेर भारतीय नागरिकाचा खून हा इथे गुन्हा, मारणारा कुणीही असो. कुलूप दोन ठेवावीत: केंद्राची लेखी मंजुरी, आणि त्या देशाने प्रामाणिकपणे खटला चालवला असेल तर आपण हात घालायचा नाही. पुरावा तिकडे, साक्षीदार तिकडे, आरोपी तिकडे, तेव्हा वर्षाला फार खटले उभे राहणार नाहीत हे मलाही कळतं. पण कलम असलं की आपल्या अधिकाऱ्याला त्या देशाला विचारायचा हक्क मिळतो: तुम्ही चालवता, की आम्ही चालवू? आज तो नुसती विनंती करू शकतो. अर्ज आणि नोटीस यांत जो फरक असतो, तोच.

काकांचं पुढे काय झालं ते सांगते. त्या देशात खुनाच्या खटल्यात वारसांचं म्हणणं विचारतात: शिक्षा हवी, की रक्तमोल घेऊन माफी? वारस म्हणून आई-वडील आणि बायको. तिघांच्या नावांचा वारस दाखला, त्याचं अरबी भाषांतर, नोटरी, मंत्रालयातला शिक्का, दिल्लीचा शिक्का, मग त्या देशाच्या वकिलातीचा. तीन महिने गेले. एकदा आईच्या नावातलं एक अक्षर चुकलं म्हणून सगळं परत आलं. माझ्याच ऑफिसातली चूक होती ती, टायपिस्टची नाही, माझी. मी तपासून सही केली होती. आई शेवटपर्यंत ‘पैसे नकोत’ म्हणत राहिली. काका काही बोलले नाहीत.

मागच्या महिन्यात ते पुन्हा आले. आरोपीला तिकडे शिक्षा झाल्याचं कंपनीतल्या कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. किती, ते त्याला माहीत नव्हतं. निकालाची प्रत कशी मागवायची ते मी अर्जात लिहून दिलं. उठताना म्हणाले, “ते ऑस्ट्रेलियाचं मागे बोलला होतात, ते कागदावर द्या. खासदार येणार आहेत शाळेच्या कार्यक्रमाला.”

मी लेटरहेडवर मराठीत लिहून दिलं: ऑस्ट्रेलिया, फौजदारी संहिता, कलम ११५.१. त्यांनी कागदाची चार पदरी घडी केली आणि त्याच पिशवीत, हेल्मेटवाल्या फोटोच्या मागे ठेवली.